दादासाहेब फाळके आणि माझा मिनी प्रोजेक्ट

सुरुवातीलाच कबूल करते. माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण पास होण्यापुरता. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेने लेख माग‍ितला तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं होतं. पण ती आमच्याच विंगमध्ये राहते, पळून पळून जाणार कुठे? ऱ्हस्व-दीर्घ तिने तपासले आहेत. उरलेल्या चुका माझ्या.

खरं तर लेखसुद्धा एका चुकीचाच आहे. या सेमिस्टरला माझ्या हातून एक चूक झाली आणि ती निस्तरता निस्तरता मी एका माणसाच्या चरित्रात जाऊन पडले. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. मला त्यांचं नाव फक्त पुरस्कारामुळे माहीत होतं. अमुक नटाला यंदाचा फाळके पुरस्कार, एवढंच. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ सालचा सिनेमा लहानपणी टीव्हीवर अर्धवट पाहिला होता. बस्स.

टीईला इमेज प्रोसेसिंगचा मिनी प्रोजेक्ट होता. मी विषय घेतला जुन्या, ओरखडे पडलेल्या फिल्ममधली हलणारी माणसं ओळखायची आणि त्यांच्याभोवती चौकट काढायची. नमुना म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ची एक क्लिप मिळवली. हत्यार अर्थातच ओपनसीव्ही. ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत आहे, एक लूप असतो. फाइलमधून एक फ्रेम वाचायची, तिच्यावर जे करायचं ते करायचं, ‘आयएमशो’ने पडद्यावर दाखवायची, मग ‘वेटकी’ नावाच्या फंक्शनने थोडं थांबायचं आणि पुढची फ्रेम घ्यायची. किती थांबायचं ते मिलिसेकंदांत द्यायचं. मी कुठूनतरी पाहून एक हा आकडा टाकला. एक मिलिसेकंद.

रात्री दीड वाजता प्रोग्रॅम चालला. आणि काय सांगू, राजा, राणी, राजपुत्र, सगळे मेसमध्ये शेवटचं पनीर उरल्यासारखे पळत सुटले! आख्खी विंग जमली. हसून हसून पोटं दुखली. सगळ्यांत जास्त मी हसले. त्या काळचे लोक कसे गमतीशीर चालायचे ना, असंही कोणीतरी म्हणालं आणि आम्हाला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मी ते आजीला दाखवलं. माझं आजोळ नाशिकचं. आजी हसली नाही. तिने विचारलं की हे जरा हळू लावता येत नाही का, तिला कोण कोण आहे ते बघायचं होतं. हे फाळके आपल्या त्र्यंबकचे आणि गेले ते नाशिकातच, असंही तिने सांगितलं. पांडवलेण्याच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे, तिथे ती मला लहानपणी बागेत खेळायला नेत असे. स्मारक कोणाचं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

हळू लाव. एवढीच आजीची मागणी. म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. ते पाच मिनिटांचं काम अडीच आठवडे चाललं.

आधी माणसाबद्दल सांगते, मग प्रोग्रॅमकडे येते.

फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. वडील संस्कृतचे शास्त्री. वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तिथे ते फोटोग्राफी शिकले, मूर्तिकाम शिकले, वास्तुकला शिकले. आपल्याकडे ब्रँच बदलायची तर केवढा गोंधळ होतो! या माणसाने आयुष्यभर ब्रँचेसच बदलल्या. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. जादूचे प्रयोग शिकले आणि आपलं आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने ते केले. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली आणि स्वदेशीच्या दिवसांत ती सोडली. मग लोणावळ्याला छापखाना, नंतर तो दादरला. रंगीत छपाईची यंत्रं आणण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला आणि भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला.

म्हणजे वय चाळीस, नोकरी नाही, धंदा नाही, दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई आणि मुलं घरात. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्या विषयांत केटी.

अशा वेळी १९१०-११ च्या सुमारास त्यांनी गिरगावात तंबूत चालणाऱ्या एका थिएटरमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांना मनात राम आणि कृष्ण दिसायला लागले. (मी कॉन्व्हेंटमधली, दर नाताळात ख्रिस्तजन्माच्या नाटकात मेंढपाळ झालेली. त्यामुळे हा प्रसंग वाचून मला उगाचच अभिमान वाटला.) मग सुरू झाला त्यांचा अभ्यास. मिळतील तेवढे सिनेमे पाहायचे, मिळतील तेवढी पुस्तकं आणि कॅटलॉग वाचायचे, झोप जेमतेम तीन तास. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी नजर परत आली. सबमिशनच्या आदल्या रात्री चारपर्यंत स्क्रीनपुढे बसणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. मी वाचला आणि तरीही जागलेच.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये बोटीने लंडन गाठलं. तिथे ओळखीचं कोणी नव्हतं. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत शिरून संपादक कॅबोर्न यांना भेटले. त्यांनी गाठ घालून दिली सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी, आणि वॉल्टनला हेपवर्थच्या स्टुडिओत फाळक्यांना सगळं काम पाहायला मिळालं. जवळपास दोन आठवड्यांत शिकले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली आणि परत आले. दोन आठवडे! आपला इंडस्ट्रियल व्हिजिटचा रिपोर्टसुद्धा तेवढ्यात होत नाही.

आता माझ्या प्रोग्रॅमकडे येते, कारण हा कॅमेरा समजला तेव्हा मला माझी चूक समजली.

कॅमेऱ्याला मोटर नव्हती. बाजूला एक दांडा. तो फिरवायचा. नेहमीच्या हातकॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे धरले तर सोळा फ्रेम. हा वेग कुठे लिहून ठेवलेला नसे, तो कॅमेरामनच्या मनगटात असे. हात थकला की वेग कमी, घाई झाली की जास्त. पुढे थिएटरात दाखवणाऱ्याचा प्रोजेक्टरही बहुधा हातानेच फिरे. तिथे त्याचा वेग वेगळा. म्हणजे चित्रपटाला स्वतःचा असा वेळ नसतोच. असतात फक्त ओळीने लावलेली चित्रं. एक सेकंद किती चित्रांचा, हे घेणारा एकदा ठरवतो आणि दाखवणारा पुन्हा एकदा. दोघांचं जुळलं तर माणूस माणसासारखा चालतो. दाखवणाऱ्याने घाई केली की तोच माणूस विदूषक होतो.

आता माझं काय झालं होतं ते बघा. मी वेटकीला एक दिल्यामुळे फ्रेम्स जितक्या लवकर वाचता येतील तितक्या लवकर पळत होत्या. ही पहिली चूक, आणि ती सोपी होती. फाइलला तिचा वेग विचारता येतो. माझ्या फाइलने सेकंदाला पंचवीस असं उत्तर दिलं. एक हजार भागिले पंचवीस, म्हणजे चाळीस मिलिसेकंद. चाळीस टाकले. पळापळ थांबली, पण तरी सगळे बस सुटत असल्यासारखे चालत होते. का? कारण मूळ चित्रं साधारण सोळाच्या वेगाने टिपलेली आणि फाइल बनवणाऱ्याने ती पंचवीसच्या हिशेबात बसवलेली. म्हणजे माझ्याआधीच कोणीतरी दांडा जोरात फिरवून ठेवला होता. त्या काळचे लोक गमतीशीर चालत नव्हते. आपण त्यांना तसं चालायला लावतो.

हे कळलं त्या रात्री मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

मग मी फाइलचा वेगच सोळा करून टाकावा म्हणून त्या गुणधर्मात सोळा लिहून पाहिले. काही फरक पडला नाही. ज्युनिअर्सनी लक्षात ठेवावं, फाइलच्या बाबतीत तो आकडा म्हणजे फक्त माहिती, तो बदलून चित्र हळू होत नाही. हळू करायचं ते आपणच, थांबून. एक हजार भागिले सोळा म्हणजे ६२.५. वेटकीला पूर्णांक लागतो, म्हणून बासष्ट दिले. तर आता सगळे जण चिखलातून चालल्यासारखे! कारण माणूस शोधायला, चौकट काढायला माझ्या लॅपटॉपला प्रत्येक फ्रेममागे वीसेक मिलिसेकंद लागत होते. वीस अधिक बासष्ट म्हणजे ब्याऐंशी, म्हणजे सेकंदाला जेमतेम बारा फ्रेम.

उपाय असा. सुरुवातीला एकदा घड्याळ बघून ठेवायचं. कितवी फ्रेम आहे, गुणिले ६२.५, म्हणजे ती दाखवायची वेळ. काम उरकल्यावर त्या वेळेला जितकं उरलं असेल तितकंच थांबायचं. प्रत्येक फ्रेमला सरसकट बासष्ट धरले तर अर्धा अर्धा मिलिसेकंद साठत जातो, हजारो फ्रेममध्ये त्याचे सेकंद होतात. उरलेला वेळ शून्य किंवा उणे आला तर निदान एक द्यायचा, कारण वेटकीला शून्य दिलं तर कोणी बटण दाबेपर्यंत तो गप्प उभा राहतो. (पहाटे तीन वाजता प्रोग्रॅम हँग झाला म्हणून मी रडले होते. हँग नव्हता, माझी वाट बघत होता.) आणि फारच मागे पडलो तर मधल्या काही फ्रेम ‘ग्रॅब’ने नुसत्या पुढे ढकलायच्या, उलगडायच्या नाहीत.

एवढा सगळा हिशेब त्या काळी एक मनगट करत होतं.

लंडनहून परतल्यावर फाळक्यांपुढे प्रश्न होता पैशाचा. कोण देणार? आधी काहीतरी करून दाखवायला हवं. त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला. महिनाभर थोड्या थोड्या अंतराने चित्रं घेतली. पडद्यावर दाखवलं तेव्हा दाण्याला कोंब फुटला, रोप वर आलं, वेल झाली, सगळं साधारण मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा चित्रपट, १९१२ सालचा.

यात माझ्यातली इंजिनिअर मध्येच जागी झाली. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की रोज एक फ्रेम घेतली, महिनाभर, आणि मिनिटभराचा चित्रपट झाला. करून बघा गणित. रोज एक तर महिन्याच्या तीस फ्रेम. सोळाच्या वेगाने त्या दोन सेकंदांतच संपतात! मिनिटभराला ९६० फ्रेम हव्यात, म्हणजे दिवसाला सरासरी बत्तीस. म्हणजे रोज एकदा येऊन दांडा फिरवला आणि गेले, असं ते काम नव्हतं. दिवसभर त्या कुंडीची राखण होती. उजेड सांभाळायचा, कुंडी हलू द्यायची नाही, कॅमेरा हलू द्यायचा नाही, पाणी मात्र घालायचं. घरात लहान मुलं. आणि या सगळ्याचं फळ काय, तर एक मिनिट.

आज टाइमलॅप्सचं बटण मोबाइलमध्ये असतं. त्यामागची युक्ती हीच, हळू टिपायचं आणि भराभर दाखवायचं. मी रिपोर्टमध्ये हे एका ओळीत लिहिलं, टिपण्याचा वेग आणि दाखवण्याचा वेग यांचं गुणोत्तर. पण त्या मिनिटाने पैसेवाल्यांना पटलं की या माणसाला चित्रपट करता येतो. कर्ज मिळालं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

सरस्वतीबाईंबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण लेडीज होस्टेलमधून लिहिते आहे. कच्ची फिल्म येई ती सपाट पट्टी. तिच्या दोन्ही कडांना भोकं पाडल्याशिवाय कॅमेऱ्याचे दात तिला ओढू शकत नाहीत. भोकांचं अंतर चुकलं की चित्र थरथरणार. फिल्मला उजेड चालत नाही, म्हणजे हे काम अंधारात. ते सरस्वतीबाई करत. फिल्म धुवायची रसायनंही त्या तयार करत. आणि दिवसा युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, तोही त्यांच्याकडेच. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगतात. एका फुटात सोळा फ्रेम बसतात, म्हणजे ५९,२०० फ्रेम. गुणिले आठ, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं, आणि ती फक्त एका प्रतीची. यंत्र होतं हे खरं, पण अंधारात ते चालवणारे हात होते. चित्र पडद्यावर स्थिर राहिलं याचं श्रेय कोणाला द्यायचं? श्रेयनामावलीत त्यांचं नाव असो नसो, माझ्या रिपोर्टच्या ऋणनिर्देशात आहे. सरांनी भुवया उंचावल्या, पण खोडलं नाही.

‘राजा हरिश्चंद्र’चं काम सहा-सात महिने चाललं. दादरला घरातच स्टुडिओ. कॅमेऱ्याचा दांडा त्र्यंबक तेलंग या आपल्या मित्राच्या हाती दिला, त्याला स्वतः शिकवून. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. तारामतीसाठी एकही बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र झाला रोहिदास. २१ एप्रिल १९१३ ला निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी.

आता पुन्हा एक आकडा. हा चित्रपट चाळीस मिनिटांचा होता असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. पण ५९,२०० फ्रेमना सोळाने भागा. ३,७०० सेकंद येतात, म्हणजे तास उलटून वर पावणेदोन मिनिटं. चोवीसने भागलं की साधारण एकेचाळीस मिनिटं येतात. चोवीस हा बोलपटाचा वेग. म्हणजे ती चाळीस मिनिटं आपण, नंतरच्या लोकांनी, आपल्या वेगाने मोजलेली दिसतात. चित्रपटाचे वीस मिनिटं कोणी कापले नाहीत. ते नुसते घाईत गेले.

पुढची काही वर्षं फाळके थांबलेच नाहीत. १९१३ मध्येच मुक्काम नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’. १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’, ज्यात काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात. काडी किंचित सरकवायची, फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची, पुन्हा फ्रेम. १९१७ मध्ये ‘लंकादहन’, त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी आणि ‘श्रीकृष्णजन्म’. १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’, कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. कॅमेरा मध्येच थांबवायचा, समोरचा माणूस बदलायचा, पुन्हा सुरू करायचा, की पडद्यावर देव प्रकटला. प्रोफेसर केळफांच्या हातात आता काळच आला होता. कधी ताणायचा, कधी थांबवायचा, कधी महिन्याचा मिनिट करायचा.

पण कंपनीतल्या भागीदारांशी पुन्हा बिनसलं. ते काशीला निघून गेले, तिथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, परत आले, पुन्हा चित्रपट केले. आणि मग १४ मार्च १९३१ ला मुंबईत ‘आलम आरा’ लागला. चित्रपट बोलायला लागला.

यात इंजिनिअरिंग काय? फिल्मवर आवाज आला की वेग बदलता येत नाही. जोरात फिरवलं तर आवाज चिरका होतो, हळू फिरवलं तर घोगरा. डोळे फसतात, कान फसत नाहीत. म्हणून सेकंदाला चोवीस हा वेग पक्का झाला, तो सांभाळायला मोटर आली. दांडा फिरवणारं मनगट बेकार झालं. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, प्रभातचा, व्ही. शांतारामांचा. गोष्ट कोणाची? हरिश्चंद्राचीच! त्याच वर्षाचा फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मात्र मूक होता. पुढे त्याला आवाज जोडून तो पुन्हा काढावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूरला त्यांनी ‘गंगावतरण’ केला. त्यांनी बोलपट म्हणून केलेला हा पहिला आणि शेवटचा चित्रपट. वय सदुसष्ट. जग पुढे गेलं होतं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा सिनेमाच्या धंद्याला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. या आठवणीचा वेगसुद्धा बघा.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलं आहे, एकूण १,४७५ फूट. ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलं. तेही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतलं असावं, असं काही अभ्यासक मानतात. सोळाच्या वेगाने ते साडेचोवीस मिनिटं चालतं. पंचवीसच्या वेगाने पावणेसोळा. जे आधीच इतकं थोडं उरलंय, त्यातली नऊ मिनिटं आपण नुसत्या घाईने घालवतो.

व्हायव्हाला मी आधी एक मिलिसेकंदवाली आवृत्ती दाखवली. लॅबमध्ये सगळे हसले, बाहेरून आलेले परीक्षकही. मग सोळाची दाखवली. कोणी हसलं नाही. राजा सावकाश वळला, तारामती खाली बघत उभी राहिली, आणि ती बाई नसून पुरुष आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. परीक्षकांनी विचारलं की सोळाच का, पंधरा किंवा अठरा का नाही? मी खरं तेच सांगितलं. हाताने फिरवलेल्या दांड्याचा एकच एक बरोबर आकडा नसतो. मी वेग खालीवर करायची पट्टी ठेवली आहे, बघणाऱ्याने चालणाऱ्या माणसाच्या पायाकडे बघून ती ठरवावी. पाऊल जमिनीवर नीट टेकलं की समजावं, आला वेग. मार्क किती पडले ते विचारू नका. माणसं ओळखण्याचा भाग माझा अजून कच्चा आहे, एका दृश्यात प्रोग्रॅमने झाडालाही माणूस ठरवलं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा नाशिकला जाऊन आले. लॅपटॉप आजीच्या मांडीसमोर ठेवला आणि पट्टी तिच्या हातात दिली. तिने ती अजून थोडी मागे ओढली, चौदावर. तिच्या डोळ्यांना तेवढं बरं वाटत होतं. शेवटपर्यंत बघितलं. मग आम्ही दोघी स्मारकाला गेलो, आणि या वेळी बागेत न थांबता आधी पाटी वाचली.

हा प्रोजेक्ट पुढच्या वर्षी कोणाला घ्यायचा असेल तर कोड डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये ठेवला आहे. वेटकीच्या आधीची ओळ तेवढी नीट वाचा. आणि जुनी माणसं पडद्यावर पळताना दिसली तर हसण्याआधी बघा, दांडा कोणाच्या हातात आहे.